सहा ठिपक्यांचा संशय

सगुणा भोईरसमोर ‘आपोआप’ हा शब्द काढायचा नाही, हे कल्याणातल्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. एखादा नवीन मुलगा ‘मावशी, बीकर आपोआप फुटला’ असं म्हणाला की झालंच. सगुणा हातातलं काम टाकायची, कमरेवर हात ठेवायची आणि विचारायची, "आपोआप? म्हंजे बीकरला पाय फुटले, तो चालत चालत टेबलाच्या कडेला आला, खाली बघितलं आणि जीव दिला. असंच ना?" मुलगा कबूल होईपर्यंत त्याची सुटका नसे. आणि खरं सांगायचं तर दहापैकी नऊ वेळा मुलगा कबूल व्हायचा. त्यामुळे सगुणाला आपल्या संशयाबद्दल कधीच संशय आला नाही.

तिचं माहेर माजिवड्याचं. बाप धाकू पाटील मिठागरावर राबायचा आणि खाडीलगत त्याचा भाताचा एक तुकडा होता. एक दिवस सातबारा काढायला गेला तर त्यावर नाव भलत्याचंच. कचेरीतला कारकून पान चघळत म्हणाला, "नव्या वहीत उतरवताना आपोआप बदललं असेल हो." धाकूने पुढची अकरा वर्षं चपला झिजवल्या, पण बदलणारा हात काही सापडला नाही. तेव्हापासून त्या घरात जे जे आपोआप झालं असं कुणी म्हणे, त्याच्यामागे कुणाचा तरी हात असतो, हे सगुणा धरून चालायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

लग्न होऊन ती आंबिवलीला आली. नवरा गोविंदा त्याच कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होता. तो अचानक गेला आणि एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या जागेवर अनुकंपा म्हणून ती लागली. तेव्हा तिला टेस्टट्यूब म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पण वर्षभरात तिने सगळा मजला मुठीत घेतला. कुठली बाटली कुठे, कोण शिक्षक दहा मिनिटं उशिरा येतो, कोणता मुलगा अ‍ॅसिडला हात लावताना थरथरतो, सगळं तिला पाठ. घरीही तोच कारभार. सून भावना बिचारी कधी प्रेमाने वाटीभर खीर बाजूला ठेवायची, तर सगुणा आधी वाटीकडे बघायची, मग सुनेकडे. "आज काय गं विशेष? काय मागायचं हाय?" भावनाला हसावं की रडावं तेच कळायचं नाही.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आधी साबणाने धुवायच्या, मग अ‍ॅसिटोनने, मग खोक्यातल्या धागे न सुटणाऱ्या कागदाने पुसायच्या. तक्त्याखाली दर महिन्याला परिचराची सही. सगुणा सही करायची, पण तो कागद वापरायची नाही. खोक्यावर फुलांचं चित्र, कागदाला कसलासा वास, आणि विकणारा माणूस फार गोड बोलणारा. हा कागद काचेला काहीतरी लावून जातो, अशी तिची खात्री होती. त्याऐवजी ती वापरायची मखमल. दरवर्षी घरच्या गणपतीच्या मखराला मागे लाल मखमल लावायचे. विसर्जन झालं की ती मखमल टाकवत नाही, देवाच्या पाठीमागचं कापड ते. फरशी पुसायला घ्यायचं म्हणजे तर पापच. मग सगुणाने त्यातून वाट काढली होती. मखमलीचे हातरुमालाएवढे तुकडे कापायचे, धुवायचे, आणि मजल्यावरच्या सगळ्यात स्वच्छ कामाला, म्हणजे काचांना, वापरायचे. पुसायची रीतसुद्धा बापाकडून आलेली. मिठागरात लांब दांड्याची फळी घेऊन मीठ ओढताना धाकू म्हणायचा, एकाच दिशेने ओढ गं, आपल्याकडे. मागे-पुढे केलंस तर चिखल वर येतो. सगुणा काचपट्टी टेबलावर धरायची आणि मखमल आपल्याकडे ओढायची, वीस-पंचवीस वेळा, कधी उलट नाही. काचा आरशासारख्या लखलखायच्या. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

दर्शना तावडे पीएच.डी.ला आली ती पाच वर्षांपूर्वी. डोंबिवलीची मुलगी, मूळ घर कोकणात. बाप रिक्षा चालवायचा, आई घरी शिवणकाम करायची. तिच्यात एक गोष्ट अशी होती की सगुणा पहिल्या दिवसापासून सावध झाली. ही पोर काहीच लपवायची नाही. कपाट उघडं, पर्स टेबलावर, डबा अर्धा खाऊन झाकण न लावता तसाच. मोबाइलचा पासवर्ड अख्ख्या मजल्याला माहीत. कुणीही काहीही सांगितलं की "हो का?" म्हणून विश्वास ठेवायची. एवढं मोकळं माणूस सगुणाने जन्मात पाहिलं नव्हतं. हिने नक्कीच काहीतरी मोठं दडवलेलं असणार, म्हणून बारीकसारीक गोष्टी उघड्या टाकते, असा हिशोब तिने मनात मांडला.

त्यात दर्शनाचं कामच असं की संशयाला आमंत्रण. तिच्या बशीत मधासारखा पिवळट, चिकट पदार्थ असायचा. द्रव म्हणावं तर धड वाहत नाही, घन म्हणावं तर बोटाला चिकटतो. एकदा चहा पिताना दर्शना म्हणाली, "मावशी, मधमाश्यांचं पोळं बघितलंय ना? सहा कोनांच्या खोल्या?"

"बघितलंय. डसून पण घेतलंय."

"माझ्या या पदार्थातले कण असतात ना, ते काडीसारखे लांबट असतात आणि त्यांना बाजूला शेपट्या असतात. गरम केलं की सगळे कसेही विस्कटतात. मग हळूहळू थंड करायचं. थंड होता होता काड्या एकमेकींना टोकं जोडून भिंती होतात आणि शेपट्या आत खोलीत भरतात. शेजारी शेजारी सहा कोनी खोल्याच खोल्या. अगदी पोळ्यासारख्या."

"आणि माशी कंची? बांधतं कोण?"

"कुणीच नाही. तीच तर गंमत आहे. आपोआप!"

सगुणाने कप खाली ठेवला. दर्शनाला हा शब्द का काढायचा नाही ते ठाऊक होतं, पण आनंदात ती विसरली होती.

"मना दाखव," सगुणा म्हणाली.

दर्शनाने सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली. रंग दिसले, निळे, जांभळे, सोनेरी. पोळं दिसलं नाही. दर्शना म्हणाली, खोल्या इतक्या लहान की या यंत्राने दिसतच नाहीत, त्यासाठी मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली काच ठेवावी लागते, आणि तिथे पोळं नाही, सहा ठिपके दिसतात. सहा कोनांचा पुरावा म्हणून सहा ठिपके. वर, ठिपके इतके रेखीव यायला सगळ्या खोल्या काचभर एकाच दिशेने रांगेत हव्यात, आणि त्याही तशा लागतात, हा तर तिचा सगळ्यात मोठा शोध. त्यावर प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण.

सगुणाने ऐकून घेतलं. म्हणजे जे दिसत नाही ते आहे म्हणायचं, जे दुसरीकडे दिसतं ते पोळं नाही तर ठिपके आहेत म्हणायचं, आणि बांधलं कुणी तर कुणीच नाही. बापाच्या कचेरीतल्या कारकुनाने तरी एवढं लांबण लावलं नव्हतं. त्या दिवसापासून सगुणा डोळ्यात तेल घालून दर्शनावर नजर ठेवू लागली.

आणि शोधलं की सापडतंच. एका दुपारी दर्शना कॉम्प्युटरवर ते ठिपक्यांचं चित्र उघडून बसली होती. माउस एका ठिपक्यावर नेला, काहीतरी दाबलं, ठिपक्याभोवती गोल आला. दुसऱ्यावर नेला, तिथेही आला. असे सहाच्या सहा. सगुणा दारातून बघत होती. पोरगी ठिपके काढतेय! गोल हे फक्त लेखात दाखवण्यासाठीचे खुणेचे गोल होते, हे तिला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी तिने मानलं असतं थोडंच!

तरी ती दोन महिने गप्प बसली. मग ठाण्याच्या एका कॉलेजातून नयनचा फोन आला. नयन हा तिथला संशोधक विद्यार्थी, दर्शनाच्याच पदार्थावर तोच प्रयोग करून बघत होता. त्याला सहा ठिपके मिळाले नाहीत. नुसतं धुरकट कडं, म्हणजे खोल्या आहेत पण रांग नाही, वाटेल तशा विखुरलेल्या. एकदा केलं, तीनदा केलं. कडंच. राजरत्न गायकवाड सर, दर्शनाचे मार्गदर्शक, फोन ठेवून खुर्चीत बसले ते उठेचनात. सगुणा चहा घेऊन गेली, आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "सर, मी सांगू का? ती पोरगी ठिपके काढते. मी या डोळ्यांनी बघितलंय."

सर चमकले. सगुणाताई बोलतात ते खरं ठरतं, हे त्यांनीही एकोणीस वर्षं पाहिलेलं. त्यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेतून मूळ फायली मागवून घेतल्या. त्यांतही ठिपके होतेच, दर्शनाचा हात लागायच्या आधीचे. एखादा माणूस इथे थांबला असता. सगुणा थांबली नाही. "मग काचच बदलली असेल, सर. आपली म्हणून दुसरीच कसली तरी नेली असेल," ती म्हणाली. असं असतं बघा. संशयाचं एक मुंडकं उडवलं की दुसरं उगवतं.

सरांनाही नाइलाज होता. प्रबंध विद्यापीठाला जायला दोन आठवडे राहिले होते, आणि ठाण्याच्या कॉलेजने लेखी कळवलं होतं. दोन जणांची समिती बसली. ठाण्याहून एक मॅडम आल्या, विद्यापीठाचे एक वयस्क सर आले. दर्शनाचा लॅपटॉप घेतला, वह्या घेतल्या. ठरलं असं की तिने समितीसमोर प्रयोग पुन्हा करून दाखवायचा. ठिपके आले तर प्रबंध पुढे जाणार. नाही आले तर बनावट निष्कर्षाचा ठपका, नोंदणी रद्द, आणि पाच वर्षं पाण्यात. रिक्षावाल्याच्या पोरीला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

तक्रार कुणी केली हे दर्शनाला कळायला वेळ लागला नाही. ती सगुणाकडे आली, पण भांडली नाही. तिचे डोळे सुजलेले होते. "मावशी, तुम्हाला खरंच वाटतं मी असं केलं?"

"मना वाटून काय होतंय? जे खरं ते निघेल," सगुणा म्हणाली.

आणि प्रयोगाच्या दिवशी सगुणानेच पुढे होऊन समितीला सांगितलं, "मॅडम, नवं पाकीट फोडा काचांचं. सील बंद. तिच्या हाताला काच लागू देऊ नका, माझ्याही नको. तुमच्या हाताने पुसा." मॅडमनी मान डोलावली. परिचर बाई किती चोख आहेत, असं त्या राजरत्न सरांना म्हणाल्या देखील. त्यांनी पाकीट फोडलं, तक्त्याप्रमाणे काचा धुतल्या, खोक्यातल्या कागदाने पुसल्या. दर्शनाने पदार्थ गरम केला, एकेक अंश करत थंड केला. काचा मुंबईला गेल्या. तिसऱ्या दिवशी निकाल आला.

सहाच्या सहा काचांवर धुरकट कडं.

सगुणाला त्या दुपारी जेवण गोड लागलं. लपवायचं कशाला? भावनाला फोन करून सांगितलं, "बघ, मी बोललेले ना." समितीने दर्शनाला आठवड्याची मुदत दिली, लेखी म्हणणं मांडायला, नाहीतर अहवाल विद्यापीठाकडे जाणार.

दुसऱ्या दिवशी सगुणा सिंकपाशी उभी होती. समितीच्या पाकिटातल्या उरलेल्या काचा धुवायला तिच्याकडे आल्या होत्या. मागे स्टुलावर दर्शना बसली होती, समोर वही, आणि स्वतःशीच बोलत होती. "तोच पदार्थ. तेच तापमान. तेच यंत्र. तीच मी. मग बदललं काय? काय बदललं?"

सगुणाने सवयीने एप्रनच्या खिशातली मखमल काढली, काच टेबलावर धरली, आपल्याकडे ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात तिथेच थांबला.

काच बदलली होती.

पाच वर्षं दर्शनाची एकूणएक काच सगुणाच्या हाताखालून गेली होती. ठाण्याला नयनच्या काचा हिच्या हाताखालून गेल्या नव्हत्या. समितीच्याही नाही, आणि त्या न जाव्यात म्हणून हिनेच आग्रह धरला होता. आयुष्यात पहिल्यांदा सगुणाला स्वतःचाच संशय आला.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच सांगायचं ना! अहो, सांगणं सोपं आहे का? भिंतीवरचा तक्ता बोलत होता. त्याखाली दर महिन्याला हिची सही, ‘कागदाने पुसल्या’ म्हणून. वर्षानुवर्षं खोटी. निवृत्तीला सात महिने उरलेले. इतकी वर्षं मुलांना ‘खरं बोल’ म्हणून कोपऱ्यात घेतलं, आणि आता स्वतःच! हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? आणि तिने स्वतःला समजावलंही, की कापडाने काय होतंय? उगाच मनाचे खेळ. पण रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. भावनाने विचारलं, "आई, बरं नाही का?" सगुणा तिच्यावर वसकन ओरडली आणि मग न जेवता उठली. चार दिवस गेले असेच.

पाचव्या दिवशी सकाळी दर्शना पिशवी घेऊन आली. कपाटातल्या वस्तू काढू लागली. चप्पल, एप्रन, एक जुना मग, भिंतीवरचं कॅलेंडर. लेखी म्हणणं काही तिने लिहिलं नव्हतं. "काय लिहू? मलाच कळत नाहीये," ती राजरत्न सरांना म्हणाली.

सगुणाला ते बघवेना. सर बाहेर गेले तशी ती पुढे झाली. "पोरी, थांब. दोन काचा बघ मना करून."

दर्शनाने वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेतला संशय सगुणाने आजवर दुसऱ्यांवर टाकला होता, स्वतःवर कधी झेलला नव्हता. "आता काय लावायचं राहिलंय माझ्यावर?" दर्शना म्हणाली.

"लावायचं ते लाव माझ्यावर. पण बघ."

सगुणाने एक काच खोक्यातल्या कागदाने पुसली, दुसरी मखमलीने, आपल्याकडे ओढत, पंचवीस वेळा. काय कशाने पुसली ते सांगितलं नाही, फक्त कोपऱ्यात पेनाने एक आणि दोन लिहिलं. दर्शनाने दोन्हीवर पदार्थ लावला, गरम केला, थंड केला. तासभर गेला. पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. रंगीत ठिगळं, गोधडीसारखी, एक इकडे एक तिकडे. दुसरी ठेवली, आणि काच ठेवलेलं खालचं चक्र फिरवलं. सगळं दृश्य एकदम काळं झालं. आणखी फिरवलं, सगळं एकदम उजळलं. परत काळं. अख्ख्या काचेवर सगळं एकाच दिशेने लागलं होतं.

दर्शनाने डोळा काढला नाही. "मावशी, ही दोन नंबरची काच कशाने पुसलीत?"

"मखमलीने."

"कसल्या मखमलीने?"

सगुणाने तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मखर, विसर्जन, कापड टाकवत नाही ते, मिठागरातली फळी, तक्त्यावरची सही. आधी दर्शनाच्या तोंडावर हसू फुटलं, अगदी लहान मुलीसारखं. पाच वर्षांचं कोडं सुटलं होतं, आणि ती चोर नव्हती. मग ते हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे खोल्या त्यांच्या त्यांनी बांधल्या," ती म्हणाली, "पण रांग तुम्ही लावलीत. माझं ते प्रकरण गेलं." मग थांबून तिने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

सगुणाला खोटं बोलता आलं असतं. "चार दिस झाले," ती म्हणाली.

दर्शना उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "मी चार दिवस झोपले नाहीये. माझा बाबा रिक्षा घेऊन बाहेर पडला नाहीये," ती म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्याच दुपारी सगुणा स्वतःच्या पायाने राजरत्न सरांकडे गेली आणि मग समितीसमोर उभी राहिली. राजरत्न सरांनी कपाळावर हात मारला. मोबाइलच्या पडद्यांच्या कारखान्यात काचेला मखमलीनेच एका दिशेने घासतात, म्हणजे असले पदार्थ रांगेत लागतात. हे त्यांनी वर्गात दहा वेळा शिकवलेलं. पण तक्त्यावर कागद लिहिलेला, खाली सही, मग कोण कशाला विचारणार? मॅडमनी बारा काचा मागवल्या. सगुणाने त्यांच्यासमोर सहा मखमलीने पुसल्या, सहा कागदाने पुसल्या गेल्या, आणि कुठली कुठली ते न सांगता मुंबईला पाठवल्या. सगुणाच्या सहाच्या सहांवर ठिपके. बाकीच्यांवर कडं.

दर्शनावरचा ठपका गेला. प्रबंधातून एक प्रकरण काढावं लागलं, त्यामुळे तो सहा महिने पुढे ढकलला गेला, पण सहा कोनी खोल्यांचं काम शाबूत राहिलं, ते खरंच कुणाच्या हाताने झालेलं नव्हतं. हे मान्य करणं सगुणाला जड गेलं. हातात काच घेऊन ती एकटीच म्हणाली, "ओळ लावली असेल मी. पण सहा कोन नाय येत मना काढता." सगुणाला खुलासा मागणारं पत्र मिळालं. खोट्या सह्यांबद्दल तिने एका ओळीत लिहून दिलं, ‘केल्या.’ सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. इतक्या वर्षांत पहिली. ते तिला लागलं, पण कुणाला दोष द्यायला जागा नव्हती.

दर्शना पुन्हा कामाला येऊ लागली. बोलायची, ‘मावशी’ म्हणायची, चहासुद्धा घ्यायची. सगुणाला वाटलं, चला, पोर मोठ्या मनाची, विसरली. एका संध्याकाळी सगुणा झाडता झाडता दर्शनाच्या कपाटापाशी आली आणि थांबली. कपाटाला कुलूप होतं. नवं कोरं, पितळी. पर्स खांद्याला अडकवलेली. टेबलावर काचपट्ट्यांची डबी, तिच्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर तारीख आणि सही, कुणी उघडली तर कळावं म्हणून. दर्शना कॉम्प्युटरवरच्या फायली कुलूपबंद करत होती. पासवर्ड टाकताना तिने दुसऱ्या हाताने कीबोर्ड झाकला.

सगुणाची नजर कुठे आहे हे दर्शनाच्या लक्षात आलं. ती अवघडली. "मावशी, तुमच्यावर संशय आहे म्हणून नाही हं. म्हणजे... कुणावरच नाही. पण..."

"पण काय?"

दर्शनाने पर्सचा पट्टा खांद्यावर घट्ट ओढला.

"नको बोलूस," सगुणा म्हणाली. "पणच्या पुढचं सगळं मना ठावं हाय. जलमभर तेच करत आलेय मी." तिने झाडू भिंतीला टेकवला. "तू अशी नव्हतीस गं पोरी. मी तुला माझ्यासारखी केली." एवढं म्हणून ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

दर्शना तिच्याजवळ आली. तिने खांद्यावर हात ठेवला, पाणी आणून दिलं, ती शांत होईपर्यंत उभी राहिली. मग तिने कुलूप एकदा ओढून पाहिलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि "उद्या येते, मावशी," म्हणून ती रिक्षा बघायला गेली.